काही न विचारताही साचणारी माहिती

निबंधांच्या छोट्या संकेतस्थळावर ना नोंदणी, ना विक्री. तरी वाचकाची माहिती तिथे साचतेच. नव्वदच्या दशकातल्या सर्व्हरांनी लॉगची, म्हणजे प्रत्येक मागणीच्या आपोआप होणाऱ्या नोंदीची, जी ओळ रूढ केली, ती आजही जवळपास तशीच पडते: आयपी पत्ता (वाचकाच्या इंटरनेट जोडणीचा क्रमांक), वेळ, मागितलेलं पान, २०० किंवा ४०४ असा उत्तराचा आकडा, किती बाइट गेले, वाचक कुठून आला आणि त्याचा ब्राउझर. हेतू बिघाड शोधण्याचा. पण नैराश्यावरचा लेख रात्री दोन वाजता कोणत्या पत्त्यावरून उघडला, हेही त्याच ओळीत असतं. गूगलने ऑक्टोबर २०११ पासून शोध एनक्रिप्ट करायला, म्हणजे सांकेतिक रूपात झाकायला, घेतला. तोवर शोधलेले शब्दसुद्धा लॉगमध्ये उतरत.

कुकी, म्हणजे संकेतस्थळाने वाचकाच्या ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी नोंद, आली १९९४ मध्ये, नेटस्केप या ब्राउझर कंपनीच्या लू माँटुलीकडून. २००५ मध्ये गूगल ॲनालिटिक्स हे वाचकांची मोजदाद करणारं साधन फुकट मिळू लागलं आणि चार ओळींचा कोड चिकटवून मोकळं होणं हा छोट्यांचाही रिवाज झाला.

मग युरोपातली न्यायालयं आयपी पत्त्याकडे वळली. माणूस ओळखण्याचा कायदेशीर मार्ग हाताशी असेल तर बदलता आयपी पत्ताही वैयक्तिक माहितीच, असं युरोपीय न्यायालयाने ऑक्टोबर २०१६ मध्ये ठरवलं. मे २०१८ पासून जीडीपीआर हा युरोपचा माहिती-संरक्षणाचा कायदा लागू झाला. जानेवारी २०२२ मध्ये म्युनिकच्या न्यायालयाने एका संकेतस्थळाला १०० युरो भरपाई द्यायला लावली, कारण फाँट गूगलच्या सर्व्हरवरून येत होता आणि त्यापायी वाचकाचा पत्ता गूगलकडे जात होता. मराठी संकेतस्थळांनी हा निकाल वाचावाच. आपल्याकडे देवनागरी फाँट सर्रास तिथूनच ओढले जातात. फाँट बनवणाऱ्या मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्ता’ खुल्या परवान्याचा आहे, फाइल उतरवून स्वतःच्या सर्व्हरवर ठेवता येते. नंतर ब्राउझरच्या डेव्हलपर टूलमध्ये नेटवर्क टॅब उघडून पान पुन्हा लोड करायचं. अजून परकं डोमेन दिसलं, तर जुना दुवा बहुधा थीममध्ये, म्हणजे संकेतस्थळाच्या तयार साच्यात, राहिलेला असतो.

आयपी झाकण्याची सोपी रीत म्हणजे शेवटचा आकडा शून्य करणं: २०३.०.११३.४७ चं २०३.०.११३.०. नुसता हॅश, म्हणजे पत्त्यावरून गणिताने काढलेली ठरावीक खूण, पुरत नाही. असे चार आकड्यांचे, जुन्या पद्धतीचे पत्ते एकूण सुमारे ४२९ कोटी. सगळ्यांचे हॅश काढून जुळवणं साध्या संगणकालाही जमतं. आणखी एक हमखास चूक: मुख्य लॉग झाकला जातो, बिघाडांच्या वेगळ्या एरर लॉगमध्ये पूर्ण पत्ता तसाच राहतो.

भारतात २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला. डिजिटल वैयक्तिक माहितीचा कायदा ऑगस्ट २०२३ चा, नियम नोव्हेंबर २०२५ चे. संमतीआधीची सूचना मराठीतही वाचता आली पाहिजे, ही त्यातली चांगली तरतूद. मात्र सर्ट-इन या सरकारी सायबरसुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सेवा पुरवठादार, डेटा सेंटर आणि कंपन्यांनी लॉग १८० दिवस ठेवायचे आहेत. उबंटू या लिनक्स प्रणालीवरचं एनजिनएक्स हे सर्व्हर सॉफ्टवेअर रोज लॉग बदलून १४ जुने ठेवतं, म्हणून ‘आम्ही दोन आठवड्यांत पुसतो’ असं लिहिणाऱ्याने होस्टिंगवाला काय आणि किती दिवस ठेवतो तेही विचारून त्याच पानावर लिहावं.