गुडघा खरंच बरा झाला का?

झिजलेल्या गुडघ्यात दुर्बीण घालायची, सांधा पाण्याने धुवायचा, कूर्चेचे, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत आवरणाचे, सुटलेले तुकडे खरडून काढायचे. हा उपाय कित्येक वर्षं सर्रास होत असे. रुग्ण 'बरं वाटतंय' म्हणत, त्यामुळे तो लागू पडतो असंच सगळ्यांनी धरलं होतं.

अमेरिकेत ह्यूस्टनच्या संशोधकांनी ते तपासून पाहिलं. १८० रुग्णांचे तीन गट केले. एका गटाचा सांधा साफ केला, दुसऱ्याचा नुसता धुतला. तिसऱ्या गटाच्या कातडीला फक्त छेद देऊन टाके घातले, आत दुर्बीण गेलीच नाही! अशी शक्यता आहे हे सांगूनच रुग्णांची संमती घेतली होती, पण आपल्या वाट्याला काय आलं हे कुणालाच कळू दिलं नाही. दोन वर्षांच्या पाठपुराव्यात खऱ्या शस्त्रक्रियेचा गट खोट्या शस्त्रक्रियेच्या पुढे एकदाही गेला नाही. हे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. हा प्रयोग करायला मोठं धैर्य लागलं असणार, आणि त्याने पुढच्या कितीतरी रुग्णांचं भलं केलं.

मग बरं का वाटत होतं? संधिवाताचं दुखणं कमी-जास्त होत राहतं. माणूस डॉक्टरकडे जातो तो ते शिगेला पोचल्यावर. तिथून ते पुष्कळदा आपोआपच उतरतं, आणि श्रेय उपचाराला मिळतं. शिवाय उपचार झाल्याच्या विश्वासानेही वेदना कमी जाणवते.

सांधा बदलण्याची गोष्ट मात्र वेगळी आहे. झिजलेली हाडाची टोकं कापून तिथे धातू बसवतात आणि मध्ये पॉलिएथिलीन या प्लास्टिकची चकती घालतात. डेन्मार्कमध्ये १०० रुग्णांवर झालेल्या चाचणीत सगळ्यांना व्यायाम, आहार, औषधं असा १२ आठवड्यांचा उपचार दिला. त्यातल्या निम्म्यांचा गुडघाही बदलला. २०१५ मध्ये निकाल आला: वर्षभराने गुडघा बदललेल्यांची सुधारणा जवळपास दुप्पट होती, पण गंभीर गुंतागुंतीही त्यांच्यातच जास्त. मला अधिक मोलाची वाटते ती दुसरी बाजू. शस्त्रक्रिया न झालेल्यांपैकी साधारण तीन-चतुर्थांश लोकांना त्या वर्षात तिची गरजच भासली नाही.

वयाचाही विचार हवा. ऑस्ट्रेलिया आणि फिनलंडमधल्या नोंदींनुसार पूर्ण बदललेल्या गुडघ्यांपैकी सुमारे ८२ टक्के २५ वर्षं टिकतात. सत्तरीत बसवलेला सांधा बहुधा जन्मभर पुरतो. पन्नाशीतल्या माणसाला मात्र दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया लागू शकते, आणि ती पहिलीपेक्षा अवघड असते, कारण जुना सांधा काढताना आधीच कमी झालेलं हाड आणखी कमी होतं.