‘चेंज शे का?’

धुळ्याहून शिरपूरला जाणाऱ्या एसटीत पाचशेची नोट पुढे केली, की कंडक्टर तोंड वाकडं करून विचारतो, ‘चेंज शे का?’ भुसावळला आपण गाडी चेंज करतो, घरी आल्यावर कपडे चेंज करतो आणि पोळीचा कंटाळा आला की ‘जरा चेंज’ म्हणून कळण्याची भाकरी मागतो. इंग्रजीतलं हे क्रियापद अहिराणीतही इतकं रुळलंय, की त्याचं मूळ कुणी विचारत नाही.

त्यातला कंडक्टरचा अर्थ मुळाच्या सगळ्यात जवळचा. इंग्रजीत ‘चेंज’ आला तो १३व्या शतकाच्या आसपास, नॉर्मन राज्यकर्त्यांच्या फ्रेंचमधून. फ्रेंचमध्ये ‘शांजे’, त्यामागे उत्तरकालीन लॅटिनमधलं ‘कांबियारे’. अर्थ सरळ बाजारातला: एक वस्तू देऊन दुसरी घेणं. याच धातूतून इटालियन ‘कांबियो’ आला आणि चलन बदलून देणाऱ्या दुकानांवर तो आजही लिहिलेला असतो. लॅटिनने तो बहुधा केल्टिक भाषांकडून उचलला असावा, असं अभ्यासक मानतात; तिथे ‘कांब’ म्हणजे वाकडं, वळलेलं. १५७१मध्ये राणी एलिझाबेथने लंडनच्या व्यापाऱ्यांच्या पेठेला ‘रॉयल एक्स्चेंज’ नाव दिलं, त्यातही हाच शब्द. मोठ्या नाण्याच्या बदल्यात मिळणारी चिल्लर म्हणजे ‘चेंज’, हा अर्थ १७व्या शतकातला. गाडी बदलण्याचा अर्थ अर्थातच आगगाडीनंतरचा.

त्याआधी इंग्रजांकडे स्वतःचा शब्द नव्हता असं नाही. जुन्या इंग्रजीतलं ‘वेंडन’ म्हणजे वळणं, वळवणं, पालटणं. भाषांतर करण्यालाही तेच क्रियापद. फ्रेंच शब्दाने त्याची जागा घेतली, पण त्याचा एक तुकडा शाळेत आपण घोकलेलाच आहे. ‘गो-वेंट-गॉन’मधला तो विजोड ‘वेंट’ याच क्रियापदाचा. आमच्या वर्गात त्यावरून मार खाल्लेली पोरं होती. हे कारण तेव्हा कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

आता आपल्या ‘बदल’कडे पाहा. तो अरबी, फारसीतून आलेला, आणि अरबीत ‘बदल’ म्हणजे एकाच्या जागी दिलेलं दुसरं. म्हणजे पुन्हा देवाणघेवाणच! मोबदला, अदलाबदल, साहेबांची बदली, बदली कामगार, सूड म्हणून घेतलेला बदला, सगळी एकाच घरची माणसं. खानदेशात फारसीचा वावर जुना. १३८२पासून १६०१पर्यंत इथे फारुकींची सत्ता होती, बुऱ्हाणपूर त्यांची राजधानी. १६०१मध्ये अकबराने असीरगड घेतला आणि शाहजादा दानियालच्या नावावरून मुलखाचं नाव ‘दानदेश’ केलं. कागदोपत्री ते काही काळ चाललं, पण लोकांच्या तोंडी खानदेशच राहिला. एवढ्या मोठ्या बादशहाचा हा ‘चेंज’ टिकला नाही.

‘पालटणे’ची गोष्ट वेगळी. तो संस्कृत-प्राकृतातून आला आणि त्यात मुळात उलटं होण्याचा भाव आहे. म्हणून कूस पालटते, हवापालट होते. पण जुन्या साड्या देऊन बोहारणीकडून पातेलं घेतलं तर ते ‘पालटून’ घेतलं असं आपण सहसा म्हणत नाही. तिथे बदलूनच.

सुट्या पैशांसाठी चिल्लर, खुर्दा, मोड असे शब्द आपल्याकडे आधीपासून आहेत. खुर्दा फारसी, मोड अस्सल मराठी. नोट ‘मोडायची’, कारण मोठी रक्कम तुटून लहान होते. जळगावच्या सराफ बाजारात मात्र मोड म्हणजे जुनं सोनं. बाई गाठोडं सोडून आईच्या पाटल्या काउंटरवर ठेवते, सराफ त्या कसाला लावतो, वजन करतो, घट धरतो आणि विचारतो, ‘मोड देऊन नवं घेणार, की नुसती मोडच?’