पस्तिशी ओलांडलेला स्ट्रायकर आणि सहा महिन्यांचा करार

जानेवारी २०२० मध्ये स्वीडनचा स्ट्रायकर, म्हणजे गोल करणारा आघाडीचा खेळाडू, झ्लाटान इब्राहिमोविच इटलीतल्या एसी मिलान या फुटबॉल क्लबकडे परतला तेव्हा तो ३८ वर्षांचा होता. पावणेतीन वर्षांपूर्वी त्याच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला होता. करार झाला तो फक्त हंगाम संपेपर्यंतचा, म्हणजे सहा महिन्यांचा. अशा वेळी ‘क्लबचा विश्वास नाही’ असं म्हटलं जातं. मला ते पटत नाही. हा करार शरीराचं गणित नीट समजून केलेला असतो.

स्ट्रायकरचं भांडवल म्हणजे पहिली चार-पाच पावलं. ती जोमात पडतात जलद स्नायूतंतूंमुळे. मज्जारज्जूतून निघालेली एकेक चेतापेशी अशा शेकडो तंतूंना एकाच वेळी हुकूम देते. वय वाढतं तशा यातल्या काही चेतापेशी मरतात. पोरके झालेले तंतू कधी वाळून जातात, तर कधी शेजारची मंद चेतापेशी त्यांना आपल्या पंखाखाली घेते आणि मग तेही मंद होतात. ही झीज ठळक दिसते साठीच्या आसपास. तिशीत तिची नुसती चाहूल असते, पण या खेळात तेवढीही पुरते. सेकंदाला आठ मीटर वेगाने धावणारा खेळाडू सेकंदाच्या दहाव्या भागात ८० सेंटिमीटर पुढे जातो. तेवढ्या अंतरात बचावपटूचा पाय मध्ये येतो.

आणखी नाजूक जागा म्हणजे मांडीचा मागचा स्नायू, हॅमस्ट्रिंग. भरधाव धावताना पाऊल जमिनीवर टेकायच्या क्षणभर आधी गुडघा झपकन सरळ होत असतो आणि हा स्नायू त्याला ब्रेक लावतो. म्हणजे तो ताणला जात असतानाच जोर लावत असतो. तो फाटतो बहुतेकदा याच क्षणी. वाढतं वय आणि त्याच जागी झालेली जुनी दुखापत, दोन्हींमुळे हा धोका वाढतो. पस्तिशीतल्या स्ट्रायकरकडे अनेकदा दोन्ही असतात.

पोटरीच्या स्नायूला टाचेच्या हाडाशी जोडणाऱ्या दोरीची, अकिलीस कंडरेची गोष्ट मला सगळ्यात विलक्षण वाटते. १९५०-६० च्या दशकांतल्या अणुचाचण्यांमुळे हवेतलं कार्बन-१४, म्हणजे किरणोत्सारी कार्बन, वाढलं आणि अन्नावाटे ते माणसांच्या शरीरात गेलं. डॅनिश संशोधकांनी २०१३ मध्ये त्याचाच माग काढला. स्नायूंमधला कार्बन बदलत राहिलेला दिसला, पण कंडरेच्या गाभ्यातला मात्र पहिल्या सुमारे १७ वर्षांतलाच होता. म्हणजे मिसरूड फुटायच्या वयात जी कंडरा तयार झाली, तिच्याच गाभ्यावर हा माणूस ३८ व्या वर्षी उड्या मारत असतो.

मग क्लब पैसे कशासाठी मोजतो? पेनल्टी बॉक्समधल्या, म्हणजे गोलसमोरच्या चौकोनातल्या, जाणत्या स्ट्रायकरकडे बघा. चेंडू अजून मैदानाच्या कडेला असतो आणि त्याची मान दोनदा फिरून झालेली असते. बचावपटूचं वजन कोणत्या पायावर आहे, कडेवरून गोलसमोर चेंडू टाकणाऱ्याचा खांदा कुठे वळलाय, हे त्याने टिपलेलं असतं. हजारो सामन्यांतून आणि सरावांतून मेंदूत बसलेले हे नमुने स्नायूंसारखे झिजत नाहीत. त्यांच्या जोरावर तो सेकंदाचा दहावा भाग आधी निघतो आणि पायांनी गमावलेले ते ८० सेंटिमीटर परत मिळवतो.

असाच स्वीडनचा स्ट्रायकर हेन्रिक लार्सन ३५ व्या वर्षी, जानेवारी २००७ मध्ये, जेमतेम दहा आठवड्यांसाठी लोनवर, म्हणजे आपल्या क्लबकडून उसना, इंग्लंडच्या मँचेस्टर युनायटेडकडे आला आणि पहिल्याच सामन्यात त्याने गोल केला.

खरी अडचण असते ती शीण भरून निघण्याची. सामन्यानंतर स्नायू पूर्ववत व्हायला तरुणालाही तीन दिवस लागू शकतात आणि आठवड्यात दोन सामने असले की शीण साचत जातो. त्यात वयाची भर पडली की पुढच्या वर्षी काय होईल हे कुठलाच डॉक्टर छातीठोकपणे सांगू शकत नाही. पुढच्या काही महिन्यांचा अंदाज मात्र बांधता येतो. २०२० पासून पाच बदली खेळाडूंची मुभा मिळाल्यामुळे अशा खेळाडूला शेवटच्या अर्ध्या तासापुरतं वापरणंही सोपं झालं.

इब्राहिमोविचने त्या हंगामात लीगमध्ये १८ सामन्यांत १० गोल केले. करार वाढत गेला. मिलानने २०२२ मध्ये लीगचं विजेतेपद मिळवलं आणि लगेच त्याच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली. कित्येक महिने बाहेर बसून तो परतला आणि मार्च २०२३ मध्ये, ४१ व्या वर्षी, सेरी आ या इटलीच्या अव्वल लीगच्या इतिहासात गोल करणारा सर्वांत वयस्कर खेळाडू ठरला. तो गोल पेनल्टीवरचा होता. चेंडू जागेवर थांबलेला, समोर फक्त गोलरक्षक, आणि धावायचं ते चार पावलं.