औद्योगिक उष्णतानियंत्रण (खानदेश)

यंत्रे, भट्ट्या आणि तापलेले छत यांमुळे कामाच्या जागी साठणारी उष्णता वायुवीजन व शीतनाने आटोक्यात ठेवणे. जळगाव, भुसावळ, धुळे या पट्ट्यात एप्रिल-मेमध्ये पारा ४३ ते ४५° से.पर्यंत चढतो. बाहेरची हवाच अंगापेक्षा तापलेली असते, त्यामुळे नुसत्या पंख्याने भागत नाही.

जळगावच्या डाळमिली, पीव्हीसी पाइप व प्लास्टिक चटईचे कारखाने, तालुक्यातालुक्यांतले जिनिंग (कापसातून सरकी वेगळी करणारे कारखाने) यांचे काम बहुधा पत्र्याच्या शेडमध्ये चालते. भर दुपारी पत्रा इतका तापतो की त्याची धग थेट डोक्यावर येते. ही प्रारणाची उष्णता हवा कितीही खेळवली तरी अडत नाही. म्हणून पहिला खर्च छतावरच व्हायला हवा : वरून पांढरा परावर्तक रंग किंवा पत्र्याखाली उष्णतारोधक थर.

गरम हवा वर चढते. तिला आढ्याजवळच्या फटीतून किंवा वाऱ्यावर फिरणाऱ्या टर्बो व्हेंटिलेटरमधून वाट द्यावी आणि ताजी हवा खालून, सावलीच्या बाजूने घ्यावी. एक्झॉस्ट पंख्याच्या शेजारचेच दार उघडे असले, तर पंखा तिथलीच हवा ओढून बाहेर टाकतो. शेडचा मधला भाग तसाच तापलेला राहतो.

खानदेशी उन्हाळा कोरडा असल्याने बाष्पशीतन, म्हणजे पाण्याने भिजलेल्या जाळीदार पॅडमधून हवा ओढून ती बाष्पीभवनाने गार करणारे, डक्ट (हवा नेणारी नळी) लावलेले मोठे कूलर, इथे फार उपयोगी पडते. हवा ४३° से. आणि सापेक्ष आर्द्रता २० टक्के असताना ओल्या फडक्याचे तापमान (बाष्पीभवनाने हवा जास्तीत जास्त जितकी गार होऊ शकते ते) सुमारे २५° से. असते, चांगल्या स्थितीतला पॅड हवा २९° से.च्या आसपास आणतो. मात्र ती दमट हवा बाहेर जायला जागा हवीच. बंद शेडमध्ये कूलर चालवला की घाम वाळेनासा होतो आणि कामगार अधिकच हैराण होतो. बोअरच्या जड पाण्याने पॅडवर क्षार चढतात, छिद्रे बुजतात, म्हणून टाकीतले पाणी वरचेवर बदलावे लागते. ऐन टंचाईत हे सोपे नाही. पावसाळी दमट हवेत कूलरचा उपयोग नगण्य.

पाइप कारखान्यात एक्स्ट्रुडरच्या (प्लास्टिक वितळवून साच्यातून ढकलणाऱ्या यंत्राच्या) तापलेल्या बॅरलवर उष्णतारोधक वेष्टन आणि यंत्राच्या वर हुड (गरम हवा ओढून घेणारे झाकण) बसवल्यास धग व वाफा उगमापाशीच अडतात. जिनिंगमध्ये मोकळा पंखा कापसाचे तंतू उडवतो, ते मोटारीत साचले की आगीचा धोका. तिथे तंतू ओढून घेणारी वेगळी यंत्रणाच हवी.

२०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम १३ मध्ये पुरेसे वायुवीजन, सुसह्य तापमान आणि तापणाऱ्या प्रक्रिया कामाच्या जागेपासून वेगळ्या करणे या बाबी होत्या. कलम १८ नुसार २५० हून अधिक कामगार असतील तिथे उन्हाळ्यात गार पाणी देणे बंधनकारक होते. लहान शेडमधल्या हमालालाही तहान तेवढीच लागते. त्याच्याजवळ माठ असावा आणि नव्या माणसाला उन्हाची सवय होईपर्यंत, निदान आठवडाभर, हलके काम द्यावे.