'गेलाय' वेगळं, 'जाऊन आलाय' वेगळं: इंग्रजीतलं गॉन आणि बीन

नोकरीच्या अर्जांचं इंग्रजी तपासून देण्याचं काम मी बरीच वर्षं करतेय. त्यात एक वाक्य हमखास भेटतं: 'आय हॅव गॉन टू सिंगापूर थ्राइस.' शब्द सुटे सुटे तपासले तर सगळं जागच्या जागी आहे. तरी वाक्य चुकलेलंच आहे, आणि ते चांगल्या शिकलेल्या, रोज इंग्रजीत मेल लिहिणाऱ्या माणसांच्या हातून येतं याचा मला खरंच त्रास होतो.

गो, वेंट, गॉन तुम्हाला पाठ आहे. त्यात वेळ घालवत नाही. अडतं ते पुढे. 'ही हॅज गॉन टू सिंगापूर' म्हणजे तो सिंगापूरला गेलाय आणि अजून तिकडेच आहे, फार तर वाटेत असेल. 'ही हॅज बीन टू सिंगापूर' म्हणजे तो जाऊन आलाय. बीनमध्ये परतीचा प्रवास धरलेला असतो, गॉनमध्ये नसतो.

आता पहिलं वाक्य पुन्हा वाचा. मी गेलेय आणि अजून परतले नाही, तर तुमच्यासमोर बसून बोलतंय कोण? म्हणून प्रवासाबद्दल बोलताना 'आय हॅव गॉन टू' म्हणायची वेळ सहसा येतच नाही. घराच्या दारावर चिठ्ठी चिकटवून बाहेर पडलात, 'गॉन टू द मार्केट', तर ते चोख. कारण वाचणारा दाराशी आहे आणि तुम्ही मंडईत. समोरच्याला विचारतानाही तेच. 'हॅव यू गॉन टू दिल्ली?' नाही, 'हॅव यू बीन टू दिल्ली?'

आपण चुकतो त्याचं कारण आपल्या 'गेलो'त आहे. 'मी तिथे तीनदा गेलोय' हे मराठीत अगदी बरोबर आहे; 'तीनदा' म्हटल्यावर परत आलो हे ऐकणारा समजून घेतो. तोच 'गेलोय' आपण जसाच्या तसा उचलून गॉनवर बसवतो. भर म्हणून शाळेत बीन शिकवतात ते 'बी'चं तिसरं रूप म्हणून, 'असणे' या अर्थाचं. त्यात प्रवास लपलाय हे कुणी सांगतच नाही. खरं तर आपल्याकडे 'जाऊन येणे' इतका नेमका जोड आहे! मनात 'जाऊन आला' म्हणून बघा. बसलं तर बीन. 'गेलाय, यायचाय' बसलं तर गॉन.

याने नुकसानही होतं. मी पूर्वी ज्या ऑफिसात होते तिथे एकाने परदेशातल्या ग्राहकाला कळवलं की आमचे साहेब 'हॅज गॉन टू चेन्नई'. म्हणायचं होतं, साहेब चेन्नईला जाऊन, काम बघून आलेत. ग्राहकाने साहेब परतायची वाट बघत चार दिवस फोन केला नाही. साहेब इथे टेबलाशी फोनची वाट बघत बसलेले.

बीनची मला सगळ्यात आवडणारी जागा ब्रिटिश बोलण्यात आहे. 'हॅज द पोस्टमन बीन?' म्हणजे पोस्टमन येऊन गेला का? तिकडे जाऊन परत येणं असो की इकडे येऊन परत जाणं, फेरी पूर्ण झाली की बीन.

दोन ठिकाणी जपा. 'बीन टू पुणे' म्हणजे पुण्याला जाऊन आलो. 'बीन इन पुणे फॉर थ्री इयर्स' म्हणजे तीन वर्षं पुण्यातच आहे. आणि 'लास्ट इयर', 'यस्टरडे' असा गेलेला काळ वाक्यात आला की गॉनही नको, बीनही नको. सरळ वेंट. 'आय हॅव बीन टू गोवा लास्ट इयर' हेही चूकच.

जाता जाता: वेंट मुळात गोचं नव्हेच. ते वेंड नावाच्या दुसऱ्या क्रियापदाचं भूतकाळी रूप. गोने ते आपलंसं केलं. आपलंही तसंच आहे. 'जा' संस्कृत 'या' धातूकडून आला आणि 'गेला' 'गत'कडून. जाण्याच्या क्रियापदाने दोन्ही भाषांत भूतकाळ दुसऱ्याच्या घरून आणलाय, याचं मला दर वेळी नवल वाटतं.

बाकीचे गोंधळ किरकोळ आहेत. 'हाऊ वॉज युवर ट्रॅव्हल?' नको, तिथे ट्रिप किंवा जर्नी. आपल्याकडे ट्रॅव्हल्स म्हणजे रात्रीची खासगी बस, ते मराठीत छान चालतं, इंग्रजीत नेऊ नका. जर्नीच्या मुळाशी फ्रेंचमधला 'दिवस' आहे, एका दिवसाची वाट, आपल्या मजल दरमजलमधल्या मजलेसारखी. व्हॉयेज समुद्रावरचा किंवा अवकाशातला लांबचा प्रवास. कोल्हापूरच्या बसला तो शब्द लावू नये. आणि 'रीच्ड टू होम' कृपा करून लिहू नका. रीचला टू लागत नाही, होमपुढे तर नाहीच. 'रीच्ड होम', संपलं.

आणखी एक, दारातलं. निघताना आपण 'जाते' म्हणत नाही, अशुभ वाटतं. 'येते' म्हणतो, किंवा 'जाऊन येते'. बीनमधली परतीची फेरी आपण निघायच्या आधीच बोलून टाकतो. पण इंग्रजीत निरोप घेताना 'आय ॲम कमिंग' म्हणालात तर समोरचा दार उघडं धरून उभा राहील. तिथे 'आय ॲम ऑफ' म्हणायचं आणि निघायचं.