देवीची लस फ्रीजशिवाय टिकली कशी?

माझ्या आजीच्या हातावर देवीच्या लसीचे दोन गोल व्रण होते, मधे जरा खोलगट. लहानपणी मी त्यावर बोट फिरवत बसायचो, पण गावात फ्रीज नाही, धड वीज नाही, मग ही लस तिथपर्यंत टिकली कशी हे कधी डोक्यातच आलं नाही. कारण देवीच्या लसीत जिवंत व्हायरस असतो, उन्हाळ्यात तो पटकन मरतो आणि मग टोचून काही उपयोग नाही.

सुरुवातीला मुख्य उपाय हाच, व्हायरस माणसाच्या अंगातच जिवंत ठेवायचा. १४ जून १८०२ ला मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या ३ वर्षांच्या मुलीला भारतातली पहिली लस टोचली, मग तिच्या हातावरच्या फोडातली लस काढून पुढच्या मुलांना, त्यांच्याकडून आणखी पुढच्यांना, अशी ती अक्षरशः हातोहात पुण्याला, सुरतेला गेली. मधे एकाला जरी फोड उठला नाही तरी पंचाईत!

खरा मार्ग काढला १९५० च्या दशकात इंग्लंडच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधल्या लेस्ली कॉलियर यांनी, आणि या माणसाचं नाव आपल्याला माहीतही नसतं याचं मला खरंच वाईट वाटतं. त्यांनी लस सुकवली, पण पापडासारखी उन्हात नाही. फ्रीजरमधे बर्फाचे खडे बरेच दिवस तसेच पडून राहिले की न वितळताच बारीक होत जातात बघा, बर्फाची थेट वाफ होते. तेच इथे, लस गोठवायची आणि हवा काढून घेतलेल्या भांड्यात पाणी असं उडवून लावायचं. पाणीच नाही म्हटल्यावर व्हायरसची मोडतोड करणाऱ्या रासायनिक क्रिया जवळजवळ थांबतात. पण सुकतानाच बरेच व्हायरस मरायचे, म्हणून कॉलियर यांनी त्यात पेप्टोन, म्हणजे अर्धवट पचवलेली प्रथिनं मिसळली, नाजूक काचसामान भुशात भरून पाठवतात तसं.

ही पावडर ३७ अंशाला महिनाभर सहज टिकायची, पुढे जागतिक आरोग्य संघटनेने ती अटच घातली. गावात पोचल्यावर काचेची कुपी फोडायची, द्रव घालायचा, दोन टोकांची सुई बुडवली की टोकांमधे थेंब अडकतो, आणि भराभर १५ वेळा टोचायचं. कालवलेली लस मात्र त्याच दिवशी संपवायची, उरली तर फेकायची, कारण पाणी आलं की व्हायरसचे दिवस परत भरत आले.

१९७५ च्या मे महिन्यात भारतात देवीचा शेवटचा रुग्ण सापडला.