मनोमिलन

मनोमिलन : पक्षाने किंवा आघाडीने उमेदवार निश्चित केल्यावर, त्याच्याविषयी व्यक्तिगत आक्षेप असलेल्या स्थानिक नेत्यांनी व गटांनी ते आक्षेप बाजूला ठेवून त्याच्या पाठीशी उभे राहण्याची राजकीय प्रथा. शब्द महाराष्ट्रभर चालतो. त्याला पारिभाषिक वजन आले ते मात्र सातारा जिल्ह्यात. तेथे नुसते ‘मनोमिलन’ म्हटले, की भोसले राजघराण्याच्या दोन शाखांमधील राजकीय समेट असाच अर्थ घेतात. दिलजमाई, समेट, समझोता हे जवळचे शब्द आहेत. पण दिलजमाई भावकीत किंवा सोयऱ्यांतही होते. मनोमिलनात निवडणूक गृहीत असते.

व्युत्पत्ती व लेखन : मनस् आणि मिलन या दोन संस्कृत पदांचा हा समास असून ‘मनोरथ’, ‘मनोबल’ यांप्रमाणेच येथे विसर्गाचा ओकार झाला आहे. लेखनाबद्दल मात्र एकवाक्यता नाही. वृत्तपत्रांत ‘मनोमिलन’ आणि ‘मनोमीलन’ ही दोन्ही रूपे दिसतात, कधी एकाच बातमीत. संस्कृतात मिल् (भेटणे, एकत्र येणे) आणि मील् (मिटणे) हे दोन निराळे धातू आहेत. निमीलन, उन्मीलन हे शब्द दुसऱ्या धातूपासून आले. त्यामुळे दीर्घ रूप काटेकोरपणे घेतल्यास ‘मनाचे मिटणे’ असा भलताच अर्थ निघतो. दीर्घ रूपाच्या बाजूने दोन मुद्दे मांडता येतात : मराठी उच्चारात शेवटचा अकार लोपतो व त्यामुळे ‘मि’ लांबल्यासारखा ऐकू येतो, शिवाय ‘संमीलन’ हा शब्द एकत्र येण्याच्या अर्थाने मराठीत रुळलेला आहे. यांतील दुसरा मुद्दा अधिक वजनदार आहे. तरीही शब्द तत्सम असल्याने त्याचे लेखन मूळ धातूला धरून व्हावे, हे मत ग्राह्य वाटते. म्हणून या नोंदीत ऱ्हस्व रूप स्वीकारले आहे.

उगम : प्रथेच्या आरंभाविषयी दोन मते आहेत. एका मतानुसार ती जुन्या काँग्रेसमधील पक्षशिस्तीतून आली. १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्याच्या नेतेपदासाठी यशवंतराव चव्हाण यांच्यासमोर भाऊसाहेब हिरे उभे राहिले होते; कौल लागल्यावर पक्ष चव्हाणांच्या मागे राहिला. दुसऱ्या मतानुसार मनोमिलनाचा जन्म सातारा नगरपालिकेत, साधारणपणे २००६ च्या सुमारास झाला. पहिल्या उदाहरणात निर्णय मतदानाने झाला आणि अल्पमताने तो मानला. मनोमिलनात स्वतःची माणसे व संस्था राखून असलेले दोन गट अटी ठरवून एकत्र येतात आणि ठरले नाही तर वेगळे होण्याची मोकळीक दोघांनाही असते. हा भेद लक्षात घेता दुसरे मत अधिक सयुक्तिक दिसते. पहिल्याला फार तर पूर्वपीठिका म्हणता येईल.

साताऱ्यातील तेढीचा राजकीय धागा १९९८ पर्यंत मागे नेता येतो. अभयसिंहराजे भोसले त्या वर्षी लोकसभेवर गेल्याने विधानसभेची पोटनिवडणूक झाली आणि त्यांचे पुतणे उदयनराजे भाजपतर्फे निवडून आले. १९९९ मध्ये काका-पुतणे समोरासमोर आले व अभयसिंहराजे विजयी झाले. २००४ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर पुत्र शिवेंद्रसिंहराजे आमदार झाले. जलमंदिर आणि सुरुची ही या दोन चुलत बंधूंची निवासस्थाने शहरात दोन गटांची नावे म्हणूनच उच्चारली जातात. उदयनराजेंची सातारा विकास आघाडी आणि शिवेंद्रसिंहराजेंची नगरविकास आघाडी यांनी नगरपालिकेत सत्ता व पदे वाटून घेतली. ही व्यवस्था सुमारे दहा वर्षे टिकली आणि २०१६ मध्ये मोडली. त्या वर्षी राज्यात नगराध्यक्षाची थेट निवड पुन्हा सुरू झाली होती. पदाचे वाटे करण्यावर उभा असलेला समझोता थेट निवडीच्या पदापाशी अडतो. मोडण्याच्या कारणांत याला आजवर दिले गेले त्यापेक्षा अधिक महत्त्व द्यायला हवे.

लोकसभेला प्रथेचे स्वरूप बदलते. सातारा मतदारसंघात वाई, कोरेगाव, कराड उत्तर, कराड दक्षिण, पाटण आणि सातारा असे सहा विधानसभा विभाग येतात. प्रत्येक ठिकाणची यंत्रणा स्थानिक आमदार, साखर कारखाना आणि सोसायट्या यांच्याभोवती बांधलेली असते. सहाही ठिकाणी स्वतःची फळी असलेला उमेदवार सहसा नसतो, म्हणून त्याला इतरांच्या मनोमिलनावाचून गत्यंतर नसते. २०१९ मध्ये उदयनराजेंच्या उमेदवारीबद्दल राष्ट्रवादी काँग्रेसमध्ये नाराजी उघड होती. शरद पवारांनी आमदारांची समजूत काढली आणि उदयनराजे सुमारे सव्वा लाखाच्या मताधिक्याने निवडून आले. काही महिन्यांतच त्यांनी राजीनामा देऊन भाजपमध्ये प्रवेश केला. १८ ऑक्टोबर २०१९ च्या साताऱ्यातील पावसातल्या सभेत पवारांनी उमेदवार निवडताना चूक झाल्याचे कबूल केले. पोटनिवडणुकीत श्रीनिवास पाटील विजयी झाले. ज्यांनी मन मारून त्या उन्हाळ्यात प्रचार केला होता, त्यांच्या आक्षेपांना ही जाहीर पोचपावतीच होती.

२०२४ मध्ये दोन्ही राजे भाजपमध्ये होते. जागेवर अजित पवारांच्या राष्ट्रवादीचाही दावा होता. तो सोडल्यावर पुढे त्या पक्षाचे वाईचे नितीन पाटील राज्यसभेवर गेले. उदयनराजेंनी शरद पवारांच्या राष्ट्रवादीचे शशिकांत शिंदे यांचा ३२,७७१ मतांनी पराभव केला. शिवेंद्रसिंहराजेंच्या सातारा विभागातील मोठे मताधिक्य यात निर्णायक ठरले, असे सामान्यतः मानतात. शिंदे यांच्या पक्षाच्या तुतारी या चिन्हाशी साधर्म्य असलेल्या पिपाणी चिन्हावर एका अपक्षाला ३७ हजारांहून अधिक मते पडली, हेही विसरता येत नाही. तेव्हा सगळे श्रेय मनोमिलनाला देणे धाडसाचे ठरेल.

सांगलीत त्याच निवडणुकीत मनोमिलन झाले नाही. १९६२ पासून २०१४ पर्यंत काँग्रेसकडे राहिलेली ही जागा महाविकास आघाडीत शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे) पक्षाकडे गेली आणि पैलवान चंद्रहार पाटील उमेदवार झाले. वसंतदादांचे नातू विशाल पाटील अपक्ष लढले व भाजपच्या संजयकाका पाटील यांना लाखभर मतांनी हरवून निवडून आले. नंतर त्यांनी काँग्रेसला पाठिंब्याचे पत्र दिले. अपक्ष सदस्याने निवडून आल्यावर पक्षात रीतसर प्रवेश केल्यास राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टानुसार (पक्षांतरबंदी) तो अपात्र ठरतो, म्हणून प्रवेश झाला नाही. उमेदवार स्थानिकांना न विचारता ठरला, तर मनोमिलनाची मागणी करण्याचा अधिकार उरतो का, हा प्रश्न सांगलीने ठळक केला. येथे स्थानिकांची बाजू अधिक न्याय्य वाटते.

कराडचे उदाहरण याहून वेगळे आहे. २०१४ मध्ये कराड दक्षिणेत पृथ्वीराज चव्हाण यांच्याविरुद्ध अपक्ष लढलेले विलासकाका पाटील-उंडाळकर २०२० च्या अखेरीस त्यांच्यासह एका व्यासपीठावर आले. तेव्हा समोर विधानसभेची निवडणूक नव्हती. त्यानंतर थोड्याच आठवड्यांत, जानेवारी २०२१ मध्ये, उंडाळकरांचे निधन झाले.

गावपातळीवरील व्यवहाराबद्दल लिखित साधने तुटपुंजी आहेत. नेत्यांचे हात उंचावलेले छायाचित्र छापून येते. त्यानंतरचे काम नोंदले जात नाही. ‘काम करणे’ हा तेथील नेमका शब्दप्रयोग आहे : ‘मनापासून काम केले’ आणि ‘वरवर केले’ हा फरक गावनिहाय लीडवरून जोखला जातो. आज लोकसभेला केलेली मदत उद्या विधानसभेला फेडायची, ही अपेक्षा शेतातल्या पैऱ्यासारखी (एकमेकांच्या शेतात आळीपाळीने काम करण्याची रीत) न लिहिता पाळली जाते. सोसायटीच्या निवडणुकीत एकमेकांविरुद्ध उभे राहिलेले, कधी त्यापायी बोलणे टाकलेले दोन कार्यकर्ते मतदानाच्या दिवशी एकाच टेबलावर मतदार यादी उघडून बसतात, चिठ्ठ्या लिहितात आणि राहिलेल्या घरांना आळीपाळीने बोलावणे पाठवतात.